सुतळीचा तिसरा पाय

कालिंदी अकरा वर्षं थरांच्या तळाशी उभी राहिली आणि त्या अकरा वर्षांत तिने एकही थर डोळ्यांनी पाहिला नाही. नवख्या माणसाला ही थाप वाटते. पण दहीहंडीच्या पथकात जी सगळ्यात खाली उभी राहते, तिला पहिला धडा मिळतो तो मान खाली घालण्याचा. हनुवटी छातीला, डोळे पायाच्या अंगठ्यावर, हात शेजारणीच्या खांद्यावर. एकीने जरी मान वर केली तरी खांदे हलतात, आणि खांदे हलले की वरच्या सगळ्या पोरी रस्त्यावर येतात. त्यामुळे वर काय चाललंय ते खालच्या बाईला दोनच गोष्टींवरून कळतं, अंगावरच्या वजनावरून आणि शिट्टीवरून. एक थर उभा राहिला की एक शिट्टी.

पोटापाण्यासाठी ती लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर काम करायची. धडाधड मुसळं आपटून मसाला कांडणारं ते यंत्र सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि त्याच्या तोंडात मिरची-धण्याची पोती रिकामी करायचं काम कालिंदीचं. खांदे असे तयार झाले होते की पथकात तिला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. गंमत बघा, अकरा वर्षं माणसं पेलून त्या खांद्याला काही झालं नाही आणि एके दिवशी बेडगी मिरचीचं एक पोतं उचलताना उजवा खांदा निसटला. डॉक्टरांनी वजन बंद केलं. डंकावर शेठने तिला तोलायच्या काट्यावर बसवलं आणि पथकाने तिच्या हातात कॅमेरा दिला.

"ताई, निदान व्हिडिओ तरी काढ तू," असं नम्रता म्हणाली होती. नम्रता पथकाची कोच. लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला, संध्याकाळी परळच्या चाळीच्या पटांगणात ऐंशी बायकापोरींना शिट्टीवर नाचवणारी. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण ते 'निदान' कालिंदीला लागलं.

आणि त्यात गेल्या वर्षीचा तो प्रकार झाला.

परळच्या नाक्यावर एक मोठी हंडी लागते. तिचा आयोजक माधवभाऊ. माणूस गोड बोलणारा, गळ्यात भगवा शेला, हातात सकाळपासून माईक. पुरुषांची मोठी पथकं आली की त्याचे तीन-तीन कॅमेरे क्रेनवरून डोलतात आणि स्टेजमागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं दिसतं. बायकांच्या पथकांचा नंबर मात्र दुपारी अडीचला, म्हणजे कॅमेरावाल्यांच्या जेवायच्या वेळेला. दर वर्षी. योगायोग म्हणायचा तर म्हणा. मग थर किती लागले याचा पुरावा पथकानेच आणायचा. एका पथकाला एकच पास, एकच कॅमेरा, तोही हातात धरूनच. स्टँड, काठी, छत्री आत न्यायची नाही, कारण कधीतरी कुणीतरी कुणाच्या तरी स्टँडला अडखळून पडला होता.

गेल्या वर्षी त्यांच्या पथकाने पहिल्यांदाच सहा थर लावले. सगळ्यात वर मनू, कॉलेजात शिकणारी, वाऱ्याने उडेल अशी काटकुळी पोर. ती वर सरळ उभी राहिली, हात उंचावून सलामी दिली आणि सगळे थर शिस्तीत खाली उतरले. बायका रडल्या, नाचल्या. मग माधवभाऊंनी कालिंदीचा व्हिडिओ मागवून पडद्यावर लावला. पाच थर दिसले, तेही भूकंपात सापडल्यासारखे गदगदा हलणारे. मग सहावी शिट्टी ऐकू आली आणि पडद्यावर अचानक रस्ता आला. ओला डांबरी रस्ता, कुणाची तरी तुटकी चप्पल आणि मधोमध एक पायाचा अंगठा. शिट्टी वाजली तशी कालिंदीची मान अकरा वर्षांच्या सवयीने खाली गेली होती, आणि मानेबरोबर हात.

"पाच थर दिसतायत बरं का," माधवभाऊ माईकवर म्हणाले. "सहावा काय दिसत नाय. आणि ताई, हा अंगठा कोणाचा? नेलपॉलिश तरी लावायचं!"

अख्खा रस्ता हसला. पथकाला 'प्रोत्साहनपर' असं लिहिलेली एक ढाल मिळाली, जी नम्रताने पटांगणातल्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली. हे सगळं कालिंदीने गिळलं असतं. पण परत येताना मनूने हळूच विचारलं, "काकी, मी सरळ उभी राहिलेली ना गं? हात नीट वर केलेला ना?" आणि कालिंदीला हो म्हणता आलं नाही, कारण तिने ते पाहिलंच नव्हतं. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी चीड आली की घरी जाऊन तिने तो अंगठा दगडाने घासघासून धुतला.

* * *

गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला त्या दिवशी नम्रताने कामं वाटली. "व्हिडिओ यंदा श्रेया काढेल. तिचा गुडघा दुखावलाय, तशीही ती वर चढणार नाय. आणि रील्स मस्त काढते."

"नाही," कालिंदी म्हणाली. "मी काढणार."

"ताई, हट्ट नको ना करूस. यंदा पुन्हा सहा लावतोय आपण. दिसले नाय तर परत पाच."

"म्हणूनच मी काढणार. अंगठा माझा होता. त्याच्यावर त्या माणसाने रस्ता हसवला. आता सहावा थर त्याला माझ्याच हातून दिसेल. श्रेयाने काढला तर माझा अंगठा जन्मभर त्या पडद्यावर राहील."

शेवटी गंगुबाई बोलली. ही गंगुबाई अकरा वर्षं तळाच्या थरात कालिंदीच्या डाव्या हाताला उभी राहायची. एका प्रसूतिगृहात आया, पन्नाशी उलटलेली, अंगाने डंकाच्या खांबासारखी. "काढूंदे गो तिका," ती म्हणाली. "खांदो गेलो, डोक्या नाय गेला तिचा."

नम्रताने तोडगा काढला. पंधरा दिवसांनी रविवारच्या सरावाला श्रेया आणि कालिंदी दोघींनी व्हिडिओ काढायचा. जिचा स्थिर, तिच्या गळ्यात पास.

आता कॅमेरा स्थिर धरायचा म्हणजे काय, हे कालिंदीला सांगणार कोण? पण काट्यावर बसण्याचा एक फायदा असतो, सगळी गिऱ्हाइकं समोरून जातात. त्यात गणपतीआधी गोडा मसाला करून न्यायला येणारे गिरगावचे गंगाधरकाका होते. ठाकूरद्वारला चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता, शेकडो लग्नं त्यांनी काढली होती. आता स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात आणि काका त्या दुकानाकडे न बघता रस्ता ओलांडतात. मसाला कांडून होईपर्यंत काका बाकावर बसून शिंकत होते. कालिंदीने पथकाचा छोटा कॅमेरा पिशवीतून काढला आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"धरून दाखवा कसा धरता," काका म्हणाले.

तिने मोबाइल धरतात तसा दोन्ही हात लांब करून धरला.

"असं धरल्यावर हलणार नाही तर काय होईल? हे काय आरतीचं तबक आहे का? कोपरं आत घ्या. बरगड्यांना टेकवा. हां. आता पाय..." ते थांबले. तिचे पाय आधीच खांद्याइतके फाकलेले होते, गुडघे जरासे सैल, बोटांनी जमीन पकडलेली. "हे कोणी शिकवलं?"

"थरात असंच उभं राहतात."

"मग माझ्याकडे कशाला आलात? अर्धं काम तर झालेलं आहे." काका खूश झाले आणि खूश झाले की त्यांच्यातला मास्तर जागा व्हायचा. "श्वास. फोटो काढताना सुईत दोरा ओवतो तसा अर्धा श्वास सोडून थांबायचं. पण व्हिडिओ लांब असतो, तिथे दम कोंडलात तर दुसऱ्या मिनिटाला कॅमेऱ्यासकट तुम्हीच आडव्या. हळू, पोटातून श्वास घ्या. आणि ते झूमचं बटण आहे ना, त्याला हात लावायचा नाही. चित्र मोठं झालं की हलणंही मोठं दिसतं. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जा."

"वर थर चढत गेले की?"

"मनगट वळवायचं नाही. कमरेपासून सगळं अंग मागे झुकवायचं. सावकाश. आणि आता मुख्य गोष्ट. माणसाला पाय किती? दोन. दोन पायांचं स्टूल कधी पाहिलंय? तिसरा पाय शोधायचा. भिंत असली तर पाठ लावा, खांब असला तर खांदा लावा." त्यांनी काट्यावरची धण्यांची अर्धवट भरलेली पिशवी ओढली, तिला मधोमध खळगा केला आणि कॅमेरा त्यात बसवला. कॅमेरा ढिम्म बसला. "ही पिशवी चालेल."

"भर रस्त्यात पिशवी कुठे ठेवू काका? भिंतही नाही तिथे."

काकांनी दुकानात चहूकडे नजर फिरवली. मग म्हणाले, "सुतळी आहे?"

मसाल्याच्या दुकानात सुतळीला काय तोटा. समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून त्यांनी कॅमेऱ्याच्या पोटातल्या भोकात बसेल असा एक बोल्ट आणवला. स्टँड लावायचं ते भोक. बोल्टला सुतळी बांधली, खालचं टोक कालिंदीच्या पायाखाली दिलं. "आता कॅमेरा वर ओढा. सुतळी तुटेल असं नाही, पण ढिली पडता कामा नये. स्टँडवर कॅमेरा टेकतो, सुतळीवर तो ताणतो. फरक तेवढाच."

कालिंदीने ओढला. वरून हात, खालून पाय, मध्ये तो ताण. पडद्यावरचं चित्र एकदम शांत झालं. आणि तिला जे वाटलं ते डंकाच्या आवाजात ती कुणाला सांगूही शकली नसती. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला परत थरात उभं राहिल्यासारखं वाटलं.

* * *

पंधरा दिवस तिने चाळीच्या गॅलरीतून जे दिसेल ते काढलं. समोरच्या इमारतीवर चढणारे रंगारी, तारेवरचे कावळे, पाण्याच्या टाकीवरची पोरं. सुतळीने टाचेखाली वळ उठला. रविवार आला, सराव झाला आणि दोन्ही व्हिडिओ पटांगणातल्या टीव्हीवर लागले.

आधी श्रेयाचा. पहिले चार थर छान, पण पाचव्या शिट्टीला श्रेयाने आनंदाने "गोविंदा!" म्हणून अशी उडी मारली की पुढे नुसतं आभाळ आणि एक घार. मग कालिंदीचा. पहिला थर, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. चित्र इतकं स्थिर की नम्रता पुढे सरकून बसली. सहावी शिट्टी वाजली आणि पडद्यावर अंगठा आला.

कुणीच हसलं नाही. त्यापेक्षा हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकीने आभाळ दाखवलं, दुसरीने जमीन," नम्रता कपाळाला हात लावून म्हणाली. "आता मध्ये मनू कुठेय ते माधवभाऊंनी अंदाजाने ओळखायचं. ताई, आठ दिवस देते. नाय जमलं तर श्रेया. तिला निदान उडी मारू नको असं तरी सांगता येईल."

पुन्हा ते निदान. कालिंदी दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी टाकून बसने गिरगावात गेली. गंगाधरकाका दारात दिसताच तिने वहाणा काढायच्या आतच सांगितलं, "हात हलत नाही काका. मान ऐकत नाही."

काका चहा टाकताना उपदेश करू लागले. मनावर ताबा हवा, सवय मोडायला हवी, एकवीस दिवस अमुक करा.

"नाही मोडणार," कालिंदी ताडकन म्हणाली. "अकरा वर्षांत माझ्या वरून एक पोरगी पडलेली नाही, ती या सवयीमुळे. वजन आलं की मान खाली जाणार. ती माझी चूक नाही, ते माझं काम आहे. माधवभाऊला हसायला आलं म्हणून मी माझं काम विसरू? तुमच्या विद्येत मान खाली घालून काढायची काही सोय असेल तर सांगा. नसेल तर मी माझी शोधते."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच वाटलं, जरा जास्तच झालं. पण काकांनी गॅस बंद केला, माळ्यावरून एक चौकोनी कातडी डबा उतरवला आणि त्यातून एकावर एक दोन भिंगं असलेला कॅमेरा काढला. तो त्यांनी पोटाशी धरला, वरचं झाकण उघडलं आणि मान खाली घालून आत पाहिलं. भिंगं मात्र कालिंदीकडे बघत होती.

"पहिली दहा वर्षं सगळी लग्नं मी अशी काढली," काका मान खाली ठेवूनच म्हणाले. "नवऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना वाटायचं, फोटोग्राफर मोठा संस्कारी, सारखा नमस्कार करतोय. तुमच्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा उघडतो का?"

उघडत होता. बिजागरीवर उचलून तो आभाळाकडे आडवा करता येत होता, आणि वर्षभरात कुणीही तो उघडला नव्हता. कालिंदीने कॅमेरा छातीखाली घट्ट दाबला, भिंग वर केलं, सुतळी पायाखाली ताणली आणि हनुवटी छातीला लावली. पडद्यात काकांच्या छताचा पंखा दिसत होता, न हलता.

"चहा घेऊन जा," काका म्हणाले. पण ती जिन्यात पोचलीसुद्धा होती.

* * *

गोपाळकाल्याच्या दिवशी त्यांचा नंबर आला दोन चाळीसला. क्रेन मान टाकून उभी होती, तिच्याखाली कॅमेरावाले पुलावाचे डबे उघडून बसले होते. मोठ्या पडद्यावर कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरत होत्या. कालिंदी गळ्यात पास घालून दोरखंडाच्या आत गेली, हंडीखालच्या चौकोनाच्या कडेला जागा धरून उभी राहिली आणि चप्पल काढून सुतळीवर उजवा पाय ठेवला.

"ओ ताई, हे काय? स्टँड चालत नाय आत," एक कार्यकर्ता धावत आला.

"हा स्टँड आहे? उभा करून दाखव."

त्याने सुतळीचं टोक उचललं, ते लोंबलं. तो गोंधळला आणि त्याने स्टेजकडे पाहिलं. माधवभाऊंनी वरूनच ओळखलं. "अरे, आपल्या अंगठावाल्या ताई! यंदा सुतळी काय आणलीय? पायाला बांधून आणलंय का कॅमेऱ्याला, पळून जाऊ नये म्हणून?"

लोक हसले. कालिंदीने हसणं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग डंकावर बोलायची सवय असलेल्या आवाजात विचारलं, "तुमच्या नियमांच्या कागदावर स्टँड, काठी, छत्री लिहिलंय. सुतळी लिहिलीय का? असेल तर वाचून दाखवा. माईकवर."

माधवभाऊंनी कागद पाहिला. सुतळी नव्हती. "राहू द्या, राहू द्या. बायकांची हौस आहे," असं म्हणून त्यांनी हात झटकला.

नम्रताची शिट्टी वाजली आणि तळाचा थर बांधला गेला. गंगुबाई मध्यभागी, तिच्याभोवती बायका, माना खाली. दुसरी शिट्टी, तिसरी. वरच्या गॅलऱ्यांतून बादल्यांनी पाणी पडत होतं, एक बादली थेट कालिंदीच्या पाठीवर रिकामी झाली. तिने पदर आधीच डोक्यावरून पुढे ओढून कॅमेऱ्यावर छप्पर केलं होतं. चौथी शिट्टी. मागून गर्दीचा लोंढा आला आणि कुणाचं तरी कोपर तिच्या उजव्या खांद्यात बसलं, नेमकं तिथेच. डोळ्यांपुढे काजवे चमकले. नुसते दोनच पाय असते तर ती गेलीच होती. सुतळी तळव्यात रुतली, ताण सुटला नाही, आणि ती मनातल्या मनात त्या कोपरवाल्याला शिव्या देत पोटातून श्वास घेत राहिली.

पाचवी शिट्टी. कमरेतून मागे झुकत झुकत तिने भिंग वर नेलं. पडद्याच्या वरच्या कडेला मनूचं पिवळं हेल्मेट चढताना दिसलं. एक पाय खांद्यावर, एक गुडघा, मग थर जरासा डावीकडे लचकला आणि सगळ्या रस्त्याने श्वास रोखला. मग सहावी शिट्टी वाजली.

कालिंदीची मान खाली गेली. जायची तशीच गेली, हनुवटी छातीला टेकली. आणि हनुवटीखाली, तळहाताएवढ्या पडद्यात, मनू सरळ उभी होती. हात वर, बोटं ताठ, भिजलेल्या तोंडावर रुंद हसू. एक, दोन, तीन, चार असे आकडे कालिंदीने मोजले. मनू बसली, उतरली, थर वितळत वितळत खाली आले आणि शेवटची पोरगी जमिनीवर आल्यावरच तिने पाय उचलला.

"छान प्रयत्न!" माधवभाऊंचा आवाज घुमला. "पाच थर! जोरदार टाळ्या! चला, आठ थरवाले आपले मित्र खोळंबलेत, जागा द्या."

"सहा," कालिंदी म्हणाली.

"पुरावा जमा करा ताई. संध्याकाळी बघू निवांत."

"आत्ता लावा. गेल्या वर्षी अंगठा तिथल्या तिथे लावला होतात."

"वायर लावणारा माणूस जेवतोय."

"जेवू दे. मी थांबते." आणि ती चौकोनाच्या बरोबर मधे, हंडीच्या खाली, जाऊन उभी राहिली. पाय खांद्याइतके फाकलेले, कॅमेरा छातीशी.

दोन कार्यकर्ते पुढे झाले. एकाने तिच्या दंडाला हात लावायला आणि नम्रताने शिट्टी फुंकायला एकच गाठ पडली. एकच शिट्टी, लांब. ती शिट्टी पथकातल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. गंगुबाई आली, तिने कालिंदीच्या डाव्या खांद्यावर हात टाकला. मग दुसरी, तिसरी, तीस जणी. कालिंदीला मधे घेऊन त्यांनी हंडीखाली पहिला थर लावला, माना खाली घातल्या आणि पाय रोवले. ज्यांनी पाच थरांचं वजन पेललंय त्या तीस बायकांना दोन पोरगे काय हलवणार? एकाने ढकलून पाहिलं आणि स्वतःच मागे सरकला.

आठ थरवाले पुरुष दोरखंडाबाहेर उभे होते. त्यांच्यातल्या दाढीवाल्या वयस्क माणसाने, बहुधा त्यांच्या कोचने, हाताची घडी घातली. "माधवभाऊ, लावा ना व्हिडिओ," तो ओरडला. "लागलेला थर कसा सोडवणार? आम्ही नाय शिरणार त्याच्यात." गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या. माधवभाऊंनी माईकवर दोन विनोद केले, दोन्ही पडले. शेवटी क्रेनखालून एक पोरगा तोंड पुसत उठला, बायकांच्या खांद्यांमधून हात घालून त्याने कालिंदीकडून कॅमेरा घेतला, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा पडद्यावरून गेल्या.

पडद्यावर थर उभा राहू लागला. हलत नव्हता. भिंतीवर रंगवावा इतका शांत, आणि त्याच्या मागे अख्खा रस्ता उसळत होता. कुणीतरी मोजायला सुरुवात केली आणि मग सगळेच मोजू लागले. "एक! दोन! तीन!" आठ थरवालेही मोजत होते. "चार! पाच!" माधवभाऊंनी तोंडाशी नेलेला माईक खाली घेतला.

कालिंदीने आजूबाजूला पाहिलं. तीस माना खाली होत्या. थर लागलाय म्हटल्यावर त्या वर होणारच नव्हत्या. गंगुबाई डोळे मिटून नुसतं ऐकत होती.

"मान वर करा गं!" कालिंदी ओरडली. "गंगुबाई, वर बघ! वजन नाहीये अंगावर, बघ वर!"

गंगुबाईने आधी एक डोळा उघडला. मग हळूहळू, कुणी रागावेल अशा धास्तीने, मान उचलली. पडद्यावर सगळ्यात तळाशी तिची स्वतःची पाठ होती, आणि तिथून वर, वर, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत पोरी चढत गेल्या होत्या, आणि त्यांच्याही वर मनूने हात उचलला.

"सहा!" रस्ता गरजला.

"अगो बाय," गंगुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने कालिंदीच्या खांद्यावरचा हात काढला नाही. "आमी इतके उंच जातव?"

पलीकडून मनू हेल्मेट काखेत घेऊन गर्दीतून वाट काढत येत होती. ती काही विचारायच्या आत कालिंदीने तिला सांगून टाकलं, "सरळ उभी होतीस. मी बघितलं."